इलफर्ड ते जाकार्ता : भारतीय फुटबॉल संघाची पहिली वर्षे

स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 31 जुलै 1948 रोजी लंडनच्या पूर्वेकडील इलफर्ड या उपनगरात झाला. समोर फ्रान्स होता. स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला पंधरवडा उरला होता. तिथून 1962 च्या जाकार्तातील सुवर्णपदकापर्यंतची चौदा वर्षे हा या संघाचा घडणीचा काळ. या काळात संघाला कौशल्याची वाण कधीच नव्हती. वाण होती ती तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळण्याच्या संधीची आणि बदलत्या खेळाशी जुळवून घेणाऱ्या शिस्तीची. ही उणीव कशी जाणवली आणि कशी भरून काढली गेली, हाच या वर्षांचा खरा इतिहास आहे.

हा संघ शून्यातून उभा राहिला नव्हता. ब्रिटिश पलटणींबरोबर फुटबॉल भारतात आला आणि छावण्यांच्या मैदानांवरून शहरांत उतरला. ड्युरँड स्पर्धा 1888 मध्ये आणि मुंबईचा रोव्हर्स कप 1891 मध्ये सुरू झाला. दोन्ही स्पर्धांवर सुरुवातीला गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2-1 असा पराभव करून आयएफए शिल्ड जिंकली. त्या संघातल्या अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते, फक्त सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. पुढे कलकत्त्यात मोहम्मडन स्पोर्टिंगने 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे लीग जिंकली, तर मुंबईत 1937 मध्ये बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स संघाने रोव्हर्स कप पटकावला. पलटणीबाहेरच्या भारतीय संघाने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. क्लबांच्या पातळीवर भारतीय खेळाडू इंग्रजांना पुरून उरतात हे आता सिद्ध झाले होते, पण देशाचा म्हणावा असा संघ अजून कुठेच नव्हता.

तसा संघ प्रथम दौऱ्यांतून आकाराला आला. 1933 मध्ये गोष्ठ पाल यांच्या नेतृत्वाखाली एक संघ सिलोनला गेला, तर 1934 मध्ये दुसरा दक्षिण आफ्रिकेला. जून 1937 मध्ये सिमल्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना झाली, तरी परदेशी दौऱ्यांची सूत्रे काही काळ कलकत्त्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनकडेच राहिली. 1938 मध्ये करुणा भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखालील संघ ऑस्ट्रेलियाला गेला, तो सर्वांत मोठा दौरा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाशी तिथे पाच सामने झाले. सिडनीतला पहिला सामना भारताने 3-5 असा गमावला, ब्रिस्बेनमधला दुसरा 4-4 असा बरोबरीत सुटला आणि न्यूकॅसलमधला तिसरा भारताने 4-1 असा जिंकला. सिडनीतल्या चौथ्या सामन्यात 4-5 आणि मेलबर्नमधल्या पाचव्यात 1-3 अशी हार झाली. एक विजय, एक बरोबरी आणि तीन पराभव असा हा हिशेब फारसा उजळ वाटत नाही. पण पाच सामन्यांत भारताने सोळा गोल केले होते आणि अठरा स्वीकारले होते. गोल करणे या संघाला जमत होते, गोल वाचवणे जमत नव्हते. पुढची पंधरा वर्षे हेच दुखणे संघाला छळत राहिले. दौरा संपला आणि वर्षभरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. मग दहा वर्षे सगळेच थांबले.

1948 साली भारताला फिफाचे सदस्यत्व मिळाले आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकसाठी संघ निवडला गेला. प्रशिक्षक होते बलाईदास चटर्जी, तर कर्णधार तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतून आलेले आओ कलकत्त्यात वैद्यकीचे शिक्षण घेत होते आणि मोहन बागानकडून खेळत होते. पुढे ते डॉक्टर झाले आणि नागालँडच्या आरोग्य खात्याचे संचालकपद त्यांनी सांभाळले. संघात शैलेन मन्ना होते, अहमद खान होते, मेवालाल आणि सारंगपाणी रामन होते. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारे टी. एम. वर्गीस होते. फुटबॉलविश्व त्यांना तिरुवल्ला पप्पन म्हणून ओळखत असे. संघातले बहुतेक जण बूट न घालता, घोट्यांना पट्ट्या गुंडाळून खेळत.

अनवाणी खेळण्याकडे पुढे अनेकांनी गरिबीची खूण म्हणून पाहिले, पण ते अर्धेच खरे आहे. बूट महाग होते आणि भारतातल्या बहुसंख्य मुलांना ते परवडत नव्हते, हे खरे. पण मोठ्या क्लबांतले खेळाडू बूट मिळत असूनही ते घालत नसत. चेंडू पायाच्या कातडीला लागला की त्याचा वेग आणि फिरत अचूक कळते, लहान जागेत चकवा देता येतो, असा त्यांचा अनुभव होता. कोरड्या, टणक मैदानावर तो खराही ठरत असे. पाऊस पडून चिखल झाला की मात्र अनवाणी पाय घसरत आणि बुटांच्या खिळ्यांसमोर त्यांचा निभाव लागत नसे. युरोपात सामना कोणत्या मैदानावर होईल आणि त्या दिवशी पाऊस पडेल की नाही, हे भारतीयांच्या हातात नव्हते.

इलफर्डला हवेने साथ दिली. तिसाव्या मिनिटाला रने कूर्बँने फ्रान्सला आघाडी मिळवून दिली, पण खेळावर पकड भारताचीच होती. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या. एक मन्नांनी घेतली, दुसरी महावीर प्रसादांनी. दोन्ही वाया गेल्या. सत्तराव्या मिनिटाला रामन यांनी बरोबरी साधली. स्वतंत्र भारताचा हा पहिला आंतरराष्ट्रीय गोल. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतातले सामने त्या काळी सत्तर मिनिटांचे असत. रामन यांचा गोल झाला तेव्हा मायदेशातला सामना संपला असता, इथे मात्र अजून वीस मिनिटे खेळायची होती. एकोणनव्वदाव्या मिनिटाला पर्सियाँने गोल केला आणि भारत 1-2 असा हरला. प्रेक्षकांनी अनवाणी खेळाडूंना मनापासून दाद दिली. दोनपैकी एक जरी पेनल्टी लागली असती तर निर्धारित वेळेत भारत हरला नसता. म्हणून हा पराभव भारतीय फुटबॉलच्या जिव्हारी लागून राहिला.

1950 च्या विश्वचषकाची हकिगत भारतीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक वेळा आणि सर्वाधिक चुकीच्या पद्धतीने सांगितली गेली आहे. पात्रता फेरीच्या गटात भारताबरोबर ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स होते. तिघांनीही माघार घेतल्यामुळे भारत एकही सामना न खेळता ब्राझीलमधल्या मुख्य स्पर्धेला पात्र ठरला. इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या गटात भारताचे नाव निघाले. स्पर्धा तोंडावर आली असताना महासंघाने संघ पाठवत नसल्याचे कळवले. फिफाने अनवाणी खेळायला मनाई केल्यामुळे भारत गेला नाही, असे त्यानंतर वर्षानुवर्षे सांगितले गेले. पण महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे वेगळी होती. संघनिवडीवर एकमत होत नव्हते आणि सरावाला वेळ अपुरा होता. प्रवासखर्चाची अडचणही खरी धरता येत नाही, कारण खर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझीलचे आयोजक तयार होते. शिवाय दोनच वर्षांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे काही खेळाडू अनवाणीच उतरले आणि त्यांना कोणी अडवले नाही. मूळ कारण बहुधा त्या काळच्या समजुतीत होते. भारतीय क्रीडासंघटकांच्या लेखी ऑलिंपिक हेच जगातले सर्वोच्च व्यासपीठ होते. विश्वचषकाची ती अवघी चौथी खेप होती आणि तिचे मोल भारतात फारसे कोणाला कळले नव्हते. शैलेन मन्ना यांनीही पुढे हेच सांगितले. पण ज्या संघाला सामन्यांचीच भूक होती, त्याच्यापुढे आलेले ताट महासंघाने परत पाठवले. त्यानंतर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत प्रत्यक्ष खेळायला भारताला 1985 साल उजाडावे लागले.

मार्च 1951 मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. मन्ना कर्णधार होते आणि प्रशिक्षक म्हणून हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आले होते. भारताने इंडोनेशियाला 3-0 आणि अफगाणिस्तानला 3-0 असे हरवले. 10 मार्चच्या अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलवर इराणला नमवून सुवर्णपदक जिंकले. तीन सामन्यांत संघाने एकही गोल स्वीकारला नाही. ही स्पर्धा रहीम यांच्या कारकिर्दीची सुरुवात म्हणून विशेष महत्त्वाची आहे. पेशाने शाळाशिक्षक असलेले रहीम 1943 पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर या संघाचा खेळ पाहायला गर्दी लोटत असे. चेंडू जमिनीलगत ठेवून, एका स्पर्शात पुढे सरकवत राहण्याची त्यांची पद्धत तिथल्या प्रेक्षकांनी वर्षामागून वर्षे पाहिली.

दिल्लीच्या यशाने भारत आशियात पहिला ठरला, पण बाहेरचे जग त्या मानाने कुठवर गेले आहे हे 15 जुलै 1952 रोजी हेलसिंकीत कळले. ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. पश्चिम युरोपातले उत्तम खेळाडू व्यावसायिक असल्यामुळे ऑलिंपिकला मुकत. पूर्व युरोपातल्या समाजवादी देशांत व्यावसायिक असा वर्ग कागदोपत्री नसल्यामुळे ते आपले पूर्ण राष्ट्रीय संघच पाठवत. झेबेच, मिटिच, वुकास अशा नावाजलेल्या खेळाडूंचा हा संघ पुढे अंतिम फेरी गाठून रौप्यपदक घेऊन गेला. भारतीय खेळाडूंना त्या गारठ्याची सवय नव्हती. त्यातून भारतीय संघ अजून दोन बॅकच्या जुन्या रचनेत खेळत होता. युरोपने ती केव्हाच टाकली होती. सेंटर हाफ चढाईला पुढे गेला की मागे राहिलेल्या दोन बॅकमध्ये मोठी मोकळी जागा पडे आणि युगोस्लाव्हियाचे पाच फॉरवर्ड नेमके तिथेच घुसत. मध्यंतराला 0-5, शेवटी 1-10. एकट्या झेबेचने चार गोल केले. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी शेवटच्या क्षणांत नोंदवला. ऑलिंपिकमधला भारताचा हा सर्वांत मोठा पराभव.

या पराभवाने निदान एक वाद मिटवला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत बूट घालणे महासंघाने सक्तीचे केले. पण केवळ बुटांनी काम भागणार नव्हते. अनवाणी खेळून ज्यांची पावले घडली होती, त्यांना बुटात चेंडूचा स्पर्श पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला आणि काही गुणी खेळाडू त्यात मागे पडले. त्याच काळात भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन या चार देशांची स्पर्धा सुरू झाली. 1952 मध्ये कोलंबोत भारत आणि पाकिस्तान संयुक्त विजेते ठरले. 1953 मध्ये रंगून, 1954 मध्ये कलकत्ता आणि 1955 मध्ये ढाका इथे भारत एकट्याने जिंकला. शेजाऱ्यांना हरवणे म्हणजे युरोपला हरवणे नव्हे. तरीही दरवर्षी चार-दोन आंतरराष्ट्रीय सामने मिळू लागले, बुटांचा सराव झाला आणि नव्या रचनेला हात बसला. 1954 च्या मनिला आशियाई स्पर्धेत जपानला 3-2 असे हरवूनही इंडोनेशियाकडून 0-4 असा मार खाऊन संघ गटातच बाद झाला. 1955 मध्ये सोव्हिएत संघ भारत दौऱ्यावर आला आणि युरोपीय तयारी काय असते याचा पुन्हा एकदा धडा मिळाला.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला गेलेला संघ या धड्यांतून उभा राहिला होता. कर्णधार समर उर्फ बद्रू बॅनर्जी, उजव्या बाजूला प्रदीपकुमार बॅनर्जी म्हणजे पी. के., गोलजाळ्यात पीटर थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण. हैदराबादच्या मुशीतून आलेले अझीझ, नूर मोहम्मद, तुळसीदास बलराम असे अनेक जण. आणि मधोमध नेव्हिल डिसोझा. मूळ गोव्याचे नेव्हिल मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, म्हणून हुशार गोवेकर फुटबॉलपटूंना मोठ्या खेळासाठी मुंबईच गाठावी लागे. टाटा, कॅल्टेक्स, वेस्टर्न रेल्वे अशा मुंबईतल्या संघांना त्यांच्यामुळे बळ आले आणि भारताच्या राष्ट्रीय संघालाही.

मेलबर्नची स्पर्धा जगातल्या उलथापालथींनी विरळ करून टाकली होती. हंगेरीतला उठाव आणि सुएझचे युद्ध यांमुळे अनेक देशांनी माघार घेतली आणि मैदानात अकराच संघ उतरले. भारताची पहिली लढत हंगेरीशी होती, पण हंगेरी आलाच नाही. त्यामुळे भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि 1 डिसेंबर रोजी ऑलिंपिक पार्कवर यजमान ऑस्ट्रेलियासमोर उभा राहिला.

सामना सुरू होऊन नऊ मिनिटे झाली तोच नेव्हिल यांनी गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला पुन्हा पुढे नेले आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने पुन्हा ते भरून काढले. मध्यंतराला 2-2. दुसऱ्या सत्राला पाच मिनिटे होतात तोच नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी म्हणजेच किट्टू यांनी चौथा गोल करून सामना निकाली काढला. ऑस्ट्रेलियनांना हा निकाल पचला नाही. बारा डिसेंबरला सिडनीत भारताशी आणखी एक सामना झाला आणि त्यात भारताने 7-1 असा विजय मिळवला. मेलबर्नचा विजय नशिबाचा नव्हता, हे त्या सात गोलांनी दाखवून दिले.

उपांत्य फेरीत, 4 डिसेंबरला, पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी मध्यंतराला ज्यांनी पाच गोल चढवले होते, त्यांना भारताने या वेळी पहिल्या सत्रात एकही गोल करू दिला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीचे दार त्या क्षणी उघडे होते. पण ते दोन मिनिटेच उघडे राहिले. चौपन्नाव्या मिनिटाला पापेचने बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला वेसेलिनोविचने दुसरा गोल केला, पासष्टाव्या मिनिटाला पापेचने तिसरा. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला भारताच्या सलाम यांच्याकडून स्वयंगोल झाला आणि निकाल 1-4 असा लागला. हेलसिंकीच्या 1-10 शेजारी हा निकाल ठेवला की चार वर्षांत संघाने किती मजल मारली ते दिसते. आघाडी घेतल्यावर खेळ संथ करून ती कशी राखायची, हे मात्र सामने खेळूनच येणारे शहाणपण होते आणि भारताकडे ते अजून पुरेसे नव्हते. कांस्यपदकाच्या लढतीत 7 डिसेंबर रोजी बल्गेरियाने भारताला 3-0 असे हरवले आणि संघ चौथा आला. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला भारत हा आशियातला पहिला देश.

त्यानंतर आलेख पुन्हा थोडा खाली-वर झाला. 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धेत हाँगकाँगला जादा वेळेत 5-2 असे हरवून भारत उपांत्य फेरीत गेला, पण दक्षिण कोरियाकडून 1-3 आणि पदकाच्या सामन्यात इंडोनेशियाकडून 1-4 असा हरला. 1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी इंडोनेशियाला दोन्ही सामन्यांत हरवून संघ पात्र ठरला. पी. के. आता कर्णधार होते. गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. फ्लोरियान आल्बर्टसारखा खेळाडू असलेल्या हंगेरीने भारताला अवघ्या 2-1 अशा फरकाने हरवले. बारा वर्षांपूर्वी इलफर्डला भेटलेल्या फ्रान्सशी या वेळी 1-1 अशी बरोबरी झाली. पी. के. यांनी गोल करून आघाडी मिळवून दिली होती आणि ती सामना संपायला आठ मिनिटे उरेपर्यंत टिकली. पेरूविरुद्ध 1-3 असा पराभव झाला आणि गटातच प्रवास थांबला. निकालांच्या यादीत रोम मेलबर्नच्या मागे पडते. पण दर्जाचा विचार केला तर तिथला खेळ मेलबर्नपेक्षाही सरस म्हणावा लागेल, कारण या वेळी प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणीही घरी राहिले नव्हते.

जाकार्तात 1962 च्या आशियाई स्पर्धेसाठी रहीम यांनी चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालचा संघ नेला तेव्हा ते कर्करोगाने आजारी होते. वातावरण प्रतिकूल होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारल्यावर आशियाई स्पर्धांचे भारतीय संस्थापक गुरुदत्त सोंधी यांनी स्पर्धेच्या दर्जालाच आक्षेप घेतला. त्याचा राग भारतीयांवर निघाला. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला आणि मैदानात भारतीय संघाची हुर्यो उडवली जाऊ लागली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरवले. मग थायलंडवर 4-1 आणि जपानवर 2-0 असे विजय मिळाले. थायलंडविरुद्ध बचावाचा कणा असलेल्या जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके घालावे लागले. रहीम यांनी त्यांना मागे ठेवण्याऐवजी फॉरवर्ड म्हणून पुढे खेळवले. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला 3-2 असे हरवताना ही चाल लागू पडली आणि अंतिम सामन्यातही ती कायम राहिली.

4 सप्टेंबर 1962 रोजी सेनायन स्टेडियममध्ये पुन्हा दक्षिण कोरिया समोर होता. सतराव्या मिनिटाला पी. के. यांनी गोल केला आणि तीनच मिनिटांनी, टाके पडलेल्या डोक्यानिशी खेळणाऱ्या जर्नेलसिंग यांनी दुसरा. इथून पुढची सत्तर मिनिटे मेलबर्नमध्ये न जमलेली गोष्ट करायची होती. या वेळी संघाने घेतलेली आघाडी सोडली नाही. मधल्या फळीत वेस्टर्न रेल्वेचे गोवेकर फोर्तुनातो फ्रँको कोरियाच्या चढाया मोडत राहिले आणि मागे थंगराज यांनी जाळे राखले. कोरियाचा एकमेव गोल झाला तो पंच्याऐंशीव्या मिनिटाला. भारत 2-1 असा जिंकला.

11 जून 1963 रोजी रहीम यांचे निधन झाले. 1964 मध्ये इस्रायलमधल्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, पण त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकची पात्रता फेरी त्याला पार करता आली नाही. इराणने त्याची वाट अडवली. 1948 पासून सलग चार ऑलिंपिक खेळलेला भारताचा फुटबॉल संघ त्यानंतर ऑलिंपिकच्या मैदानावर उतरलेला नाही.